स्टार्टअप चालू आहे, निकाल लागायचाय : बेळगाव भागातल्या नवउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात मराठी घरांतली बरीच मुलंमुली हल्ली स्वतःचं काहीतरी उभं करायच्या खटपटीत आहेत. कुणी फाउंड्रीसाठी (लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी) उपकरणं बनवतंय, कुणी शाळांसाठी सॉफ्टवेअर, कुणी संकेश्वरी मिरचीचा मसाला पाकिटात घालून विकतंय. भेटले की पहिली पाच मिनिटं भांडवलाचं बोलतात. मग खरा प्रश्न बाहेर येतो: याचं काय होणार ते कळायला वर्षं जाणार, तोवर जीव रमवायचा कशात? खालची उत्तरं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन बसलेल्या माणसाची आहेत, सल्लागाराची नव्हेत. पटतील तेवढी घ्या.

लग्नाच्या पंगतीत कुणी “काय करायलास सध्या?” असं विचारलं की घास अडकतो. काय सांगायचं?

जे चाललंय ते, एका वाक्यात. “वाळूतला ओलावा मोजायचं यंत्र करतोय. दोन फाउंड्रीत लावून बघितलंय, विकत अजून कुणी घेतलेलं नाही.” एवढं बोलून भाताकडे वळावं.

अशा उत्तराने अब्रू जाते असं वाटतं, पण जात नाही. विचारणाऱ्या काकांच्या उमेदीत इंडालच्या ॲल्युमिनियम कारखान्यात नाहीतर बँकेत चिकटला म्हणजे पोरगा मार्गी लागला, असा हिशेब होता. त्यांना तेवढंच माप ठाऊक आहे, त्यात कुजकेपणा नसतो. गोंधळ होतो तो आपण फुगवून सांगतो तेव्हा. “फंडिंगचं बोलणं चालू आहे” असं म्हणालात, तर पुढच्या लग्नात त्याचं काय झालं ते सांगावं लागणार. तोवर बोलणं पुढे गेलेलं नसलं, की ते पहिलं वाक्य राखायला दुसरं रचावं लागतं. माणूस कामाने थकत नाही इतका या राखणीने थकतो.

मुळात किती वर्षं धरून चालायचं?

केंद्र सरकारचंच बघा. जानेवारी २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया सुरू झालं तेव्हा नोंदणीपासून ५ वर्षांपर्यंतच्या कंपनीला स्टार्टअप म्हणायचं ठरलं होतं. २०१७ मध्ये ती मुदत ७ वर्षं झाली आणि २०१९ मध्ये १०. व्याख्या करणाऱ्यांनाही तीन वर्षांत दोनदा मुदत वाढवून द्यावी लागली, तेव्हा दीड वर्षात काही झालं नाही म्हणून आपण कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

आपल्या भागात वेळ आणखी लागतो, कारण आपलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा कारखाना असतो. मोबाइलवर बोट लावून विकत घेणारा माणूस वेगळा आणि फाउंड्रीचा खरेदी विभाग वेगळा. आधी नमुना मागणार, तो क्वालिटीकडे जाणार, तिथून ट्रायल, ट्रायलचा रिपोर्ट, मग दर, मग ‘बजेट पुढच्या वर्षी’. वाहन उद्योगाला भाग पुरवणाऱ्यांकडे तर एकदा मंजूर झालेली पद्धत बदलायची म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकाचीही परवानगी लागते. हा सगळा वेळ तुमच्या उत्पादनात खोट आहे म्हणून जात नाही, त्या धंद्याची चालच तशी आहे. तिकडे एकदा पाय रोवला की तुम्हाला काढायलाही त्यांना तेवढाच वेळ लागतो, हेही लक्षात ठेवा.

मग तोवर समाधान मिळवायचं कशातून? खरं सांगा, गोड नको.

समाधान शेवटच्या निकालावर टांगलेलं असेल तर ते मिळणार नाही, कारण निकाल हातात नाही. सुटणाऱ्या प्रश्नांवर टांगलं तर मिळतं. आपल्या धंद्याविषयी महिन्याच्या सुरुवातीला जे माहीत नव्हतं, ते महिनाअखेर माहीत झालं का, एवढंच बघायचं.

उदाहरण जवळचंच घेऊ. उद्यमबागेत दोघा पोरांनी वर म्हटलं तसलं यंत्र केलंय. फाउंड्रीत साचा बनवायची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी साधारण ३ ते ४ टक्के हवं. जास्त झालं की ओतलेल्या लोखंडाखाली वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लो होल (वायूची भोकं) पडतात. कमी झालं की साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण लोखंडात शिरतात. जुने मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर, हे यंत्राशिवाय ओळखतात: मूठभर वाळू घट्ट दाबायची, मूठ उघडायची, त्या गोळ्यावर बोटांचे ठसे कसे उमटलेत ते बघायचं, मग गोळा मधोमध मोडायचा. धार स्वच्छ मोडली तर वाळू बरोबर. हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुरभुरली तर कमी.

पोरांचं यंत्र मिक्सरवर बसवलं होतं. आकडा दाखवायचा बरोबर, आणि मोल्डर म्हणायचा, “वाळू कोरडी आहे.” दोघंही आपापल्या जागी ठाम. मालक अर्थात मोल्डरच्या बाजूने, कारण मोल्डरचे केस भट्टीसमोर पांढरे झालेले. पोरं कितीतरी दिवस सेन्सरलाच दोष देत बसली. शेवटी त्यांनी एकदा मिक्सरपासून साच्याच्या पेटीपर्यंत वाळूबरोबर चालत जायचं ठरवलं आणि वाटेत जागोजागी नमुने घेतले. परत वापरात येणारी वाळू गरम असते. पेटीपर्यंत पोचेतो तिच्यातलं पाणी उडत होतं. यंत्र मिक्सरवरचं खरं सांगत होतं, मूठ पेटीपाशीचं खरं सांगत होती.

त्या दिवशी त्यांना ऑर्डर मिळाली नाही, एक रुपया आला नाही. पण त्या संध्याकाळी दोघांची तोंडं बघण्यासारखी होती. यंत्र कुठे बसवायचं, वाळूचं तापमानही का मोजायचं, गिऱ्हाइकाला काय समजावून सांगायचं, तिन्ही प्रश्न एका दिवसात मिटले. पुढे त्याच मोल्डरने मूठ दाबायच्या आधी एकदा आकड्याकडे नजर टाकली. मूठ दाबायची काही सोडली नाही, आणि सोडूही नये.

मला समाधान म्हणायचंय ते हे. हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या रोजनिशीच्या सुमारे १२,००० नोंदी तपासल्या होत्या. माणसाचा दिवस चांगला जायला सगळ्यांत जास्त कारण ठरत होतं ते म्हणजे ज्या कामात अर्थ वाटतो त्यात थोडंसं पुढे सरकणं. बक्षीस आणि शाबासकी त्याच्या मागे. त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्यालाही अनुभवाने ठाऊक असते: मागे सरकल्याचा चटका पुढे सरकल्याच्या आनंदापेक्षा मोठा लागतो. म्हणून वाईट दिवशी कंपनीच्या भवितव्याबद्दल निष्कर्ष काढू नये. बाहेर पडावं, काहीतरी खावं, झोपावं.

हे स्वतःची समजूत घालणं झालं. विक्री नाही आणि ‘शिकतोय’ म्हणायचं?

शंका रास्त आहे, आणि अशी फसगत करून घेणारे पुष्कळ आहेत. म्हणून एक चाळणी सांगतो. जे कळलं त्यामुळे उद्याचं काम बदललं का? बदललं असेल तर तुम्ही पुढे सरकलात. नसेल तर ती करमणूक.

स्पर्धेत तिसरा नंबर, मंत्र्यांबरोबर फोटो, वर्तमानपत्रात चौकट, नवा लोगो, ऑफिसची पूजा: यातलं काही वाईट नाही. आईला कात्रण दाखवायला बरं वाटतं. पण यातून गिऱ्हाइकाविषयी नवं काही कळत नाही. उलट “दर परवडत नाही” असं कुणी तोंडावर सांगितलं, तर तो दिवस वाईट वाटला तरी कामाचा.

एक साधी वही ठेवा. दर सोमवारी एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही आणि आठवड्यात मिळू शकतं. “लोकांना आवडेल का?” असला ढोबळ प्रश्न नको. “गडहिंग्लजचा दुकानदार पाव किलोचं पाकीट उधारीशिवाय ठेवतो का?” असा हवा. शनिवारी उत्तर लिहा. सहा महिन्यांनी मागची पानं चाळली की आपण जागच्या जागी नाही हे दिसतं. आणि खरंच जागच्या जागी असाल तर तेही दिसतं.

पुण्यात किंवा बेंगळुरात असतो तर एव्हाना झालं असतं असं वाटतं.

काही धंद्यांच्या बाबतीत हे खरंच आहे, उगाच नाकारू नये. ज्याला दर महिन्याला दहा सॉफ्टवेअर इंजिनिअर लागणार आणि गुंतवणूकदारांना सतत भेटावं लागणार, त्याने बेंगळुरू धरावं. इथून ते सुमारे ५०० किलोमीटर, पुणे सुमारे ३४०. रात्रीच्या बसने अशी किती वर्षं काढणार?

पण ज्याचं गिऱ्हाईक इथे आहे त्याने हलू नये. बेळगावची फाउंड्री, हायड्रॉलिक्स, मशीनिंग ही साखळी एका दिवसात उभी राहिलेली नाही. एखादा ब्लॉक टर्निंग करून, कडक करून, ग्राइंड करून दुपारपर्यंत हातात मिळावा, तेही ओळखीच्या माणसाकडून आणि “पैसे नंतर बघूया की” म्हणत, ही सोय मोठ्या शहरात विकत घ्यावी लागते. विमानाचे भाग इथे बनतील असं पूर्वी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आज हत्तरगीला एकस कंपनीच्या वसाहतीत तेच काम चालतं. आणि पॉलिहायड्रॉन कंपनीच्या सुरेश हुंदरे यांनी हायड्रॉलिक्समध्ये जे नाव कमावलं ते इथेच, सचोटीच्या व्यवहाराने. त्यांच्याविषयी उद्यमबागेतल्या जुन्या माणसांना विचारा, चहा गार होईपर्यंत बोलतील.

मनाचं म्हणाल तर तुलना थांबवायचा उपाय मला सापडलेला नाही. फक्त तुलना सारख्याशी करावी. ॲपवाल्याची घोडदौड बघून कास्टिंगवाल्याने रडू नये.

इथे धंदा करताना मराठी असण्याची अडचण येते का?

गिऱ्हाईक माल बघतं. शेडमध्ये कन्नड, मराठी, हिंदी, थोडी उर्दू असं मिसळूनच काम चालतं आणि शिव्या तर चारही भाषांत सारख्याच कळतात. कागद मात्र कन्नडात येतो. ग्रामपंचायत, नगरपालिका, हेस्कॉम ही वीज कंपनी, महसूल खातं, सगळीकडे. दर वेळी कुणाला तरी वाचून दाखवायला सांगणं हे रोजचं छोटं परावलंबन आहे आणि ते आतून पोखरतं. वाचता येण्यापुरती कन्नड शिकून घ्या. मराठीवरचं प्रेम त्याने कमी होत नाही. फलकाचंही आधीच बघून घ्या, राज्यात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. पाटी रंगवून झाल्यावर कळलं तर रंगाचे पैसे गेले.

सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या मधूनमधून थांबतात. पार्सल एसटीने पाठवणाऱ्यांनी दुसरी सोय हाताशी ठेवावी. यावर याहून जास्त बोलायची ही जागा नव्हे.

माझं मसाल्याचं काम आहे, निपाणीहून. कोल्हापूर-गडहिंग्लजला विकते. उलाढाल छोटी आहे, तर जीएसटीची डोकेदुखी कशाला?

ताई, हा प्रश्न समाधानाच्या यादीत का, असं कुणी म्हणेल, पण रात्रीची झोप अशाच गोष्टींनी जाते. एकाच राज्यात विकणाऱ्याला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट असते. वस्तू राज्याबाहेर विकली की, काही हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद सोडले, तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. आणि कंपोझिशन योजना, जिच्यात थोडका कर भरून मोकळं होता येतं, ती घेतली तर वस्तू राज्याबाहेर विकताच येत नाही. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर, बेळगावहून शिनोळी तर दुचाकीने जाऊन यायचं ठिकाण. पण कायद्याच्या दृष्टीने तो आंतरराज्य व्यवहार आणि बिलावर आयजीएसटी. खेप ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिलही, म्हणजे मालाबरोबर न्यायचा ऑनलाइन काढलेला कागद. सेवा देणाऱ्यांना, म्हणजे डिझाइन, सॉफ्टवेअर, शिकवणी वगैरे, २० लाखांपर्यंत राज्याबाहेरही मोकळीक आहे.

आपल्या भागातल्या माणसाचं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून तीन राज्यांत असतं, कारण गोवाही आहेच. त्यामुळे सीएला “छोटंच काम आहे” असं मोघम न सांगता माल कुठे कुठे जातो ते गावांची नावं घेऊन सांगा.

आणि घरचे त्याला छंद म्हणत असतील तर मसाल्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लागा. वाद घालण्यापेक्षा पासबुक बोललेलं बरं.

घरच्यांचा विरोध नाही, पण काळजी दिसते. तीच सहन होत नाही.

काळजी अंधारात वाढते. घरच्यांना बहुतेक वेळा तीन गोष्टी माहीत नसतात: किती पैसे घातलेत, आणखी किती घालणार, आणि घरावर किंवा शेतावर बोजा आहे का. या तिन्हींची उत्तरं एकदा बसून, आकड्यांत, वडिलांसमोर आणि बायको किंवा नवऱ्यासमोर मांडा. “अमुक एवढ्यापलीकडे घरचा पैसा घालणार नाही, जमिनीचा उतारा बँकेत ठेवणार नाही” हे तोंडाने म्हणा. मी पाहिलेल्या घरांत या एका बैठकीने जेवढी शांतता आली तेवढी पुढच्या ऑर्डरनेही आली नाही.

एक मर्यादा आहे. बहिणीच्या लग्नाचे, आजारपणाचे पैसे ‘तात्पुरते’ फिरवू नका. ते परत आले तरी मधल्या काळात घरातल्या प्रत्येक जेवणावर त्याचं सावट असतं.

नोकरी सोडून उडी घेऊ का?

पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक मिळेपर्यंत नको. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी काय होतंय ते आधी बघा. जे संध्याकाळी करायचा कंटाळा येतो ते दिवसभर करायला मिळालं म्हणून आवडायला लागत नाही.

भागीदार शाळेपासूनचा मित्र आहे. लेखी करार कशाला?

मैत्री टिकावी म्हणून. कंपनीत कुणाचा किती हिस्सा, आणि मधेच कुणी सोडून गेला तर त्या हिश्श्याचं काय, हे कागदावर हवं. चालू पद्धत अशी की हिस्सा एकदम हातात पडत नाही, चार वर्षांत हळूहळू मिळतो आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही. हे ऐकायला रुक्ष वाटतं. पण एकाला दुबईची नोकरी लागली आणि दुसरा रात्री भट्टीवर उभा, तरी दोघांची मालकी निम्मी निम्मी, अशी कंपनी चालवून बघा. राबणाऱ्याला कामाचा आनंद मिळेनासा होतो आणि तो मित्रालाच मनात शिव्या देऊ लागतो.

दुसरी गोष्ट करारात बसत नाही. दोघांना ‘झालं’ म्हणजे काय अभिप्रेत आहे ते एकदा विचारून घ्या. एकाला वीस माणसांचा नीट चालणारा कारखाना पुरे असतो, दुसऱ्याला कंपनी विकून मोकळं व्हायचं असतं. दोन्ही इच्छा चांगल्या, पण एका शेडमध्ये राहायच्या नाहीत.

अनुदान, गुंतवणूक मिळाली की बरं वाटेल ना?

काही दिवस, हो. मग तो पैसा हिशेब मागतो.

तरी मागायला लाजू नका. कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट योजनेत निवड झाली तर ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्याबदल्यात हिस्सा द्यावा लागत नाही. त्यासाठी कंपनी कर्नाटकात नोंदलेली हवी. बेंगळुरूबाहेरच्या उद्योगांसाठी हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक गट धरून राज्य सरकारचे प्रयत्न चालू आहेत. हुबळीला देशपांडे स्टार्टअप्सचं मोठं केंद्र आहे, इथून साधारण १०० किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री घरी. तिथे पैशापेक्षाही आपल्यासारखी अडकलेली माणसं भेटतात, ते जास्त उपयोगाचं. एकट्याला वाटतं हे फक्त माझंच असं चाललंय.

अर्ज मात्र मोजून करा. वर्षभर फक्त योजनांचे अर्ज भरणारे, सादरीकरणं करणारे काहीजण माझ्या बघण्यात आहेत. गिऱ्हाइकाकडे जाऊन नकार ऐकण्यापेक्षा समितीसमोर बोलणं सोपं असतं.

माल गेला, बिल गेलं, पैसे येत नाहीत. यात कसलं आलंय समाधान?

अजिबात नाही. उधारी अडकली की बाकीचं सगळं तत्त्वज्ञान बाजूला राहतं. म्हणून हे कायद्याने बोलू.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, आजच करा, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक किंवा सेवा पुरवठादार असाल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागू होतं. वर आयकर कायद्यातली २०२३-२४ या आर्थिक वर्षापासूनची तरतूद अशी की मुदतीत दिलेले नाहीत ते पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. मार्च जवळ आला की त्यांच्या अकाउंट्स विभागाला याची आठवण आपोआप होते. तुम्ही फेब्रुवारीतच करून द्या.

याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद मिटवणाऱ्या समितीकडे, तक्रार करता येते, पण एकच मोठी पार्टी असेल तर कुणी करत नाही, हे मलाही कळतं. तिथे करायचं ते असं: बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापा, आणि पुढची खेप मागचे पैसे आल्यावर. पहिल्यांदा असं बोलताना आवाज कापतो. नंतर सवय होते.

पावसाळ्यात माणसंच येत नाहीत, सगळं थंडावतं. तेव्हा फार निराश वाटतं.

जुलैत खानापूर भागात रोप लावणी असते. माणूस आधी शेतकरी आहे, मग हेल्पर. त्यात गणपती आले की अकरा दिवस बेळगावात कुणाचंच घड्याळ नीट चालत नाही. हे दरवर्षी होतं, तेव्हा त्याला संकट कशाला म्हणायचं? वर्षाच्या आराखड्यातच तो काळ हलका धरा: ड्रॉइंग, कागदपत्रं, जुन्या गिऱ्हाइकांना फोन, यंत्राची डागडुजी. आणि मंडळात जा. वर्षभर नुसता सेन्सर आणि वाळू बोलणाऱ्या माणसाने आरास करताना चार दिवस दुसऱ्या कशावर तरी भांडावं.

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, काही करावंसंच वाटत नाही. हेही धंद्याचाच भाग समजायचं का?

नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. धडधड असेल तर आधी साध्या फिजिशियनला, तिथून गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाला. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, डिम्हान्स. घरी कुणाला कळू द्यायचं नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हे पान वाचत बसू नका, आत्ता लावा तो नंबर आणि घरात किंवा शेजारी जो असेल त्याला हाक मारा.

थांबायचं कधी हे कसं कळणार?

याचं उत्तर चांगल्या दिवशी लिहून ठेवायचं असतं. पैसे किती शिल्लक उरले की थांबायचं, किती नकारांनंतर उत्पादन बदलायचं, कुठल्या तारखेला आढावा घ्यायचा. वाईट दिवशी माणूस फार लवकर थांबतो आणि हट्टाच्या दिवशी फार उशिरा.

मी एवढंच बघतो: वहीतले सोमवारचे प्रश्न बदलतात की तेच तेच येतात? नवे प्रश्न येत असतील तर, विक्री कमी असली तरी, अजून जीव आहे. मार्च गेला, जून गेला आणि प्रश्न तोच, “लोक घेतील का?”, तर लोकांनी उत्तर दिलेलं आहे.

बंद करणं याला मी अपयश म्हणत नाही, यशही म्हणत नाही. हेल्परचा पगार, पुरवठादारांची देणी आणि शेडचं भाडं चुकतं करून बंद केलेल्या माणसाला या गावात पुन्हा उधारीवर माल मिळतो. रातोरात कुलूप लावून गेलेल्याला मिळत नाही.

बंद करायचं ठरलं तर कागदोपत्री काय करावं लागतं?

नुसतं काम थांबवून भागत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कागदावर जिवंत राहिली तर वार्षिक विवरणपत्रं चुकल्याबद्दल प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत राहतं. आधी राहिलेली विवरणपत्रं भरा, देणी मिटवा, बँक खातं बंद करा. मग एसटीके-२ फॉर्म भरून नाव काढून टाकायचा अर्ज करता येतो. सहसा त्याआधीची दोन आर्थिक वर्षं कामकाज झालेलं नसावं लागतं, आणि संचालकांचं प्रतिज्ञापत्र व हमीपत्र जोडावं लागतं. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असेल तर फॉर्म २४. जीएसटी नोंदणी वेगळी रद्द करावी लागते, आणि ती रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र. हे बरेचजण विसरतात आणि नोटीस घरच्या पत्त्यावर येते.

यंत्रं भंगारात घालायच्या आधी उद्यमबाग आणि मच्छे या वसाहतींत दोनचार ठिकाणी विचारा. चालू स्थितीतला बेंच ड्रिल, वजनकाटा, ओव्हन, सोल्डरिंगचं टेबल यांना भंगारवाला किलोचा भाव देतो. नवीन शेड घेतलेलं एखादं पोरगं बरा देतं, शिवाय यंत्र उचलायला स्वतःचा टेम्पो आणतं.